बॉनेटवरची वर्तुळं

रविवार, सकाळी साडेदहा

प्रिय जावईबापू,

तू पाठवलेला माणूस काल येऊन गेला. रिकाम्या हाताने गेला, हे त्याने तुला सांगितलंच असेल. कुठल्या शब्दांत सांगितलं ते मला माहीत नाही, पण मी त्याच्याशी अगदी सभ्यपणे वागले. गाडी शेडखाली आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, ज्याची गाडी आहे तो स्वतः आला की दोन्ही त्याला मिळतील, एवढंच म्हटलं. पन्नाशीचा, झुपकेदार मिशीचा, भला माणूस होता. "बाई, मला फक्त गाडी आणायला सांगितलंय," म्हणाला. मी म्हटलं, "मग जाऊन सांगा, गाडी यायला तयार नाही." हसावं की घाबरावं ते त्याला कळेना. पाणी प्यायला आणि गेला बिचारा. त्याची फेरी फुकट गेली त्याबद्दल मला वाईट वाटतं. तुझ्याबद्दल अजिबात वाटत नाही.

आणि तुझा तो निरोप! तो मी चष्मा पुसून दोनदा वाचला. "नमस्कार काकू. शनिवारी सकाळी गाडी नेण्याची व्यवस्था केली आहे. तसदीबद्दल क्षमस्व." काकू! व्यवस्था! क्षमस्व! अरे, नळ तीन दिवस बंद राहणार असल्याची सूचनासुद्धा लोक यापेक्षा जिव्हाळ्याने लिहितात. अकरा वर्षं मला आई म्हणालास, माझ्या टेबलाशी बसून जेवलास, माझ्या हातच्या करपलेल्या भाजीला "आज जरा वेगळी झालीय" असं म्हणालास, आणि कुठल्याशा कागदावर दोन सह्या झाल्या म्हणून मी काकू झाले? तुमची सही तुमच्या दोघांच्या लग्नाबद्दल होती. माझी सही कुणी घेतली होती का?

राग आलाय हे तुला आधीच कळावं म्हणून स्पष्ट लिहिते. खरं तर फोनच करणार होते. काल दुपारी दोनदा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत बंद केला. फोनवर माझी जीभ माझ्यापुढे धावते, हे तुला मी सांगायला नको. कागदावर निदान पेन उचलून पुन्हा टेकवण्याएवढा तरी वेळ मिळतो.

आधी गाडीचं सांगते, कारण तुझा जीव तिच्यात असतो. तुम्ही फ्लॅट सोडलात, आमची लेक बदली घेऊन दूरच्या शहरात निघून गेली, तू त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गेलास, जिथे खाली सायकल उभी करायलाही जागा नाही, आणि गाडी "तात्पुरती" माझ्या अंगणात आली. त्या तात्पुरतीला आठ महिने झाले. पहिले दोन महिने मी तिच्याकडे बघितलंच नाही. मुद्दाम नाही बघितलं. धूळ साचली, कबुतरांनी टपावर आपापली मतं नोंदवली, आणि एक दिवस शेजारचे पोस्टमास्तर, ज्यांची दुसऱ्याच्या घरचं टपाल निरखायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही, कुंपणावरून म्हणाले, "तुमच्याकडे एक निळी गाडी होती ना हो? ही करडी कधी घेतलीत?"

ते मला फार झोंबलं. तेहतीस वर्षं मी ऑपरेशन थिएटर सांभाळलं. माझ्या थिएटरच्या दारात सर्जनसुद्धा आधी बूट बघायचे आणि मग आत पाऊल टाकायचे. आणि माझ्या अंगणात घाण? त्याच दुपारी मी उतरले. हो, दुपारीच, बारा वाजता, रणरणत्या उन्हात. ओरडू नकोस, पुढे आणखी वाईट आहे. बादलीभर कढत पाणी, भांड्यांचा साबण आणि स्वयंपाकघरातली हिरवी घासणी. शाळेत आम्हाला एक नन होती, तिला आम्ही पाठीमागे पितळी मदर म्हणायचो, कारण दर शनिवारी ती आमच्याकडून प्रार्थनागृहातले पितळेचे दिवे घासून घ्यायची. "गोल गोल घासा मुलींनो, आणि जोर खांद्यातून येऊ दे." साठ वर्षं झाली, पण खांद्यातला तो जोर अजून गेलेला नाही. सगळं बॉनेट मी गोल गोल घासलं. चाळीस मिनिटं. मग पाणी ओतलं, घाम पुसला आणि अभिमानाने चार पावलं मागे सरकले.

ऊन थेट बॉनेटवर पडलं होतं. सगळ्या निळ्या रंगावर बारीक गोल चरे उमटले होते, कोळ्याने रात्रभर बसून विणावेत तसे. मध्ये मध्ये साबण वाळून पांढरे ठिपके. एखाद्या शहाण्या बाईने तिथेच हात आवरला असता. मी आत शिरले आणि जंतू मरावेत म्हणून डॅशबोर्ड सर्जिकल स्पिरिटने पुसून काढला. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा पांढरा चट्टा पडला आहे, तो त्याचा. काळं बूटपॉलिश लावून बघितलं. नको विचारूस.

मग घासणी ठेवायला डिकी उघडली तर तुझी ती पेटी दिसली. बघितली अनेकदा होती, उघडली कधी नव्हती. आत फडक्यांच्या घड्या, पिवळी वेगळी, निळी वेगळी, करडी वेगळी, आणि झाकणाला आतून चिकटवलेला कागद, तुझ्या त्या मुंगीच्या अक्षरात. गाडी सावलीत. बॉनेट हाताला गार लागल्याशिवाय सुरुवात नाही. आधी नुसतं पाणी. बादल्या दोन, एक साबणाची, एक फडकं खंगाळायची. वरून खाली. सरळ रेषेत, गोल कधीही नाही. चाकांची फडकी वेगळी, ती अंगाला लावायची नाहीत. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद.

तो शेवटचा नियम वाचला आणि मी डिकीच्या कडेवरच बसले. अरे, नव्या नर्सेसना पहिल्या दिवशी मी हेच सांगायचे. खाली पडलं ते पडलं, उचलून परत टेबलावर नाही, मग समोर कितीही मोठा सर्जन हात पुढे करून उभा असो. स्वच्छ बाजूकडून घाणीकडे जायचं, उलटं कधीच नाही. फडकी मोजून आत, मोजून बाहेर. अकरा वर्षं दर रविवारी तू माझ्या अंगणात हेच करत होतास आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून टोमणे मारत होते. "लग्न नक्की कुणाशी केलंयस रे?" "आंघोळ झाली असेल तर तिला पावडर लाव, टिकली लाव, आणि जेवायला आण." तू हसायचास आणि चाकाशी वाकायचास. तुझे सासरे वेताच्या खुर्चीत, तो न वाकणारा पाय लांब करून बसलेले असायचे आणि तू मागशील त्या रंगाचं फडकं तुला द्यायचे. तीन तासांत तुम्ही दोघं मिळून तीन वाक्यं बोलत असाल. मला वाटायचं, दोन रिकामटेकडे बसलेत. ते गेल्यावरही तू ती खुर्ची तिथेच मांडायचास आणि त्यावर फडक्यांची थप्पी ठेवायचास. मी ते बघत होते. कधी बोलले नाही.

त्या दिवसापासून दर रविवारी साडेसहाला मी गाडीपाशी असते. आधी नुसतं पाणी. मग साबण, तुझ्या बाटलीतला, एका बादलीला दोन झाकणं. ते कणकेच्या गोळ्यासारखं असतं ना, पत्र्यात रुतलेली कच ओढून काढणारं, तेही मला आता येतं. आणि त्या कागदाच्या मागच्या बाजूला तू लिहिलेली युक्ती, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावरून बोटं फिरवायची म्हणजे डोळ्यांना न दिसणारी खरखर कळते, ती वाचून मी मोठ्याने हसले. हातमोज्यातून बोटांना जास्त कळतं हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. एसीच्या जाळ्या मी रंगाच्या जुन्या ब्रशने साफ करते. काचा सगळ्यात शेवटी, निळ्या फडक्याने, आतून आडवं आणि बाहेरून उभं, म्हणजे राहिलेला ओघळ कुठल्या बाजूचा ते ओळखता येतं. ही माझी भर आहे. कागदावर लिहून ठेवली आहे, तुझ्या अक्षराखाली, माझ्या अक्षरात. पोस्टमास्तर रोजच्या जागी उभे असतातच. परवा म्हणाले, "काय बाई, पेशंट शुद्धीवर कधी येणार?" मी म्हटलं, "तुम्हाला भूल दिली की लगेच."

बाहेरचं सगळं निघालं, बॉनेटवरची वर्तुळं सोडून. त्याला तुझं ते पॉलिशचं मशीन लागतं आणि मशीनला तुझा हात. पोस्टमास्तरांनी कुठल्यातरी दुकानातून एक मलम आणून दिलं होतं, मी लावलं नाही. एकदा बिघडवलं तेवढं पुरे.

आता सीटचं सांगते. तीन आठवड्यांपूर्वी आतली साफसफाई करायला घेतली. पायपुसणी बाहेर काढली, व्हॅक्यूमची नळी पुढच्या सीटखाली घातली आणि सीट मागे सरकवली. तुझ्या शेजारच्या सीटखाली, तिच्या लोखंडी पट्टीवर, मला दोन लाल ठिपके दिसले. आधी वाटलं गंज. निळं फडकं ओलं करून घासलं, हललं नाही. नखानं खरवडलं तेव्हा कळलं, नेलपॉलिश आहे. लेकीचं, तो भडक लाल, जो मला कधी आवडला नाही. एक ठिपका मधोमध आणि एक अगदी मागे, सीट जिथे संपते तिथे. मी सीट पहिल्या ठिपक्यावर आणली आणि बसले. माझा उजवा गुडघा, जो कुठल्याच गाडीत, रिक्षात, दवाखान्याच्या खुर्चीत सुखाने बसत नाही, तो असा बसला की जणू शिंप्याने माप घेतलं असावं. मग सीट मागच्या ठिपक्यावर नेली आणि पाय लांब केले. पुढे एवढी जागा उरली की न वाकणारा पाय आडवा न करता, कुणाचा हात न धरता, सरळ आत घेता येईल.

मी तिथे बराच वेळ बसून राहिले. मला वाटायचं, तुझ्या गाडीतल्या सीटच चांगल्या आहेत. मी चार बायकांना सांगितलंही होतं, जावयाची गाडी अगदी ऐसपैस आहे म्हणून. तू दर वेळी आमच्याआधी खाली उतरून, दार उघडून, वाकून काहीतरी करायचास, ते मला धूळ पुसणं वाटायचं. आणि यांना जाऊन तीन वर्षं झाली तरी, काचेवरचा बोटाचा ठसाही सहन न होणाऱ्या तू तो मागचा ठिपका पुसला नव्हतास.

जावईबापू, आता जे लिहायचं आहे ते मी तीन पानं लांबवलं. तू मला काकू का म्हणालास ते मला ठाऊक आहे. मघाशी मी जो तमाशा केला, सह्यांचा आणि कागदांचा, तो खोटा होता. कागदाचा काही संबंध नाही. सह्या झाल्या त्या आठवड्यात मी तुला फोन केला होता. तू विचारलंस, "आई, गुडघा कसा आहे?" आणि मी म्हटलं, "तुला पत्रा सांभाळता येतो, माणूस सांभाळता येत नाही." तू फक्त "बरं आई" म्हणालास आणि फोन ठेवलास. भांडला असतास तर बरं झालं असतं. मी भांडणाची सगळी तयारी करून बसले होते, कारण माझी पोर तीन दिवस माझ्याकडे रडत होती आणि एवढं रडवणारा कुणीतरी असलाच पाहिजे असा मी हिशेब केला. तिने तुझं नाव घेतलं नव्हतं. मीच घेतलं, आणि तिने ते घेऊ दिलं.

या गुरुवारी तिचा फोन आला. मी तिला ठिपक्यांचं सांगितलं. ती आधी रडली, आणि मग एका दमात म्हणाली, "आई, त्याचं काहीच चुकलं नव्हतं गं. त्या घरात मलाच राहवत नव्हतं. कारण विचारशील तर अजून मला सांगता येत नाही. तू त्याच्यावर चिडलीस तेव्हा मला बरं वाटलं, म्हणून तुला थांबवलं नाही." मी तिच्यावर ओरडले नाही. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी एवढं तरी शिकले. तिला म्हटलं, जेव नीट, झोप नीट, बाकीचं मी बघते. शुक्रवारी तुझा निरोप आला, आणि त्या "व्यवस्था"मधून तू स्वतःच येणार आहेस असं मी धरून चालले. काल पहाटे पाचला उठले. गाडी पुन्हा एकदा धुतली. नवीन चष्मा घातला. काय बोलायचं ते पाठ केलं, शाळेत कविता पाठ करायचे तसं, फेऱ्या मारत. सातपासून वेताच्या खुर्चीत बसले होते. फाटक वाजलं, मी उठून उभी राहिले, पहिला शब्द ओठांवर आला होता, आणि आत आली एक झुपकेदार मिशी. माझा सगळा संताप तेवढाच आहे. इतके दिवस जुळवून आणलेलं धैर्य परत घरात घेऊन जावं लागलं त्याचा.

म्हणून हे पत्र. मी तुला फोनवर जे बोलले ते खोटं होतं, आणि खरं काय ते शोधायच्या आधी बोलले, ते त्याहून वाईट. मला माफ कर. हे वाक्य मी आयुष्यात फार थोड्या वेळा लिहिलं आहे, त्यामुळे अक्षर जरा वाकडं आलंय. तू स्वतः आलंच पाहिजेस ही अट मी आज काढून घेते. माफी मागायची आणि वर अट घालायची हे मला शोभत नाही. त्या मिशीवाल्यांना पुन्हा पाठव, या वेळी मी किल्ली देईन आणि नाश्ताही देईन. लेकीचं आणि तुझं जे व्हायचं ते झालं, त्यात मी आता बोट घालणार नाही. पण तुला कधी वाटलं, या महिन्यात, पुढच्या वर्षी, केव्हाही, तर रविवारी सकाळी ये. फाटक उघडंच असतं. मशीन घेऊन ये आणि माझ्यादेखत ती वर्तुळं काढ; मी खुर्चीत बसून तू मागशील त्या रंगाचं फडकं देईन आणि तीन तासांत तीनच वाक्यं बोलेन. जमेल की नाही सांगता येत नाही, पण प्रयत्न करीन.

तुझीच,
सपशेल चुकलेली सासू